एआय कोडिंग सहाय्यकासाठीच्या सूचना-फाइली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा इथल्या चार-पाच जणांच्या टीम, एकट्याने काम करणारे डेव्हलपर आणि फर्मागुडीसारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सूचना-फाइल म्हणजे कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय टूलला तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय पाळायचं ते सांगणारी साधी मजकूर-फाइल. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनाय सीएलआय, गिटहब कोपायलट आणि कर्सर ही अशी टूल.

फाइली आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची. क्लॉड.एमडी, एजंट्स.एमडी आणि जेमिनाय.एमडी या नावांत बिंदूआधीचा भाग पूर्ण कॅपिटल अक्षरांत आणि बिंदूनंतरचा लहान अक्षरांत असतो. लिनक्सवर हा फरक पाळला नाही तर फाइल सापडत नाही. विंडोज आणि मॅकवर बहुधा चालून जातं, त्यामुळे चूक थेट सर्व्हरवर किंवा सहकाऱ्याच्या मशीनवर उघडी पडते.

रीडमी आहे ना, मग वेगळी सूचना-फाइल कशाला?

रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल, माणूस गरज पडेल तेव्हा वाचतो. सूचना-फाइल टूल आपणहून, दर सेशनच्या (टूलबरोबरच्या एका संभाषणाच्या) सुरुवातीला वाचतं आणि तिचा मजकूर तुमच्या पहिल्या प्रश्नाआधीच मॉडेलपुढे ठेवतं. यातून दोन गोष्टी ओघाने येतात. फाइलीतली प्रत्येक ओळ प्रत्येक कामात जागा अडवते, मग त्या कामाशी तिचा संबंध असो वा नसो. आणि हा मजकूर मॉडेलला दिलेला सल्ला असतो. तो पाळलाच जाईल अशी हमी त्यात नसते. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या दोन गोष्टींवर उभी आहेत.

कुठल्या टूलला कुठली फाइल लागते?

क्लॉड कोड प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली क्लॉड.एमडी वाचतं, आणि होम फोल्डरमधल्या .क्लॉड फोल्डरातली तुमची स्वतःची क्लॉड.एमडीही. कोडेक्स एजंट्स.एमडी वाचतं. जेमिनाय सीएलआयची फाइल जेमिनाय.एमडी, पण सेटिंगमध्ये नाव बदलून तिलाही एजंट्स.एमडी वाचायला लावता येतं. गिटहब कोपायलटसाठी .गिटहब फोल्डरमध्ये कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स.एमडी ठेवतात. कर्सरचे नियम .कर्सर फोल्डरातल्या रूल्स उपफोल्डरमध्ये एमडीसी फाइलींत असतात. कोपायलट आणि कर्सर एजंट्स.एमडीही ओळखतात.

टीममध्ये एक जण क्लॉड कोड वापरतो, दुसरी कर्सर. मग दोन्ही फाइली सांभाळायच्या?

मजकूर एकाच ठिकाणी ठेवा. दोन प्रती केल्या की महिन्याभरात त्या वेगळ्या बोलू लागतात: एकीत टेस्टची जुनी कमांड राहते, दुसरीत नवी, आणि चूक कुठली फाइल करतेय हे शोधण्यात दुपार जाते.

सोपी रीत अशी. सगळा मजकूर एजंट्स.एमडीमध्ये लिहा. क्लॉड.एमडी तयार करून तिच्यात @ चिन्ह आणि त्याला चिकटून एजंट्स.एमडी एवढी एकच ओळ ठेवा. क्लॉड कोड त्या ओळीच्या जागी पूर्ण फाइल आणतं. फक्त क्लॉड कोडपुरतं काही सांगायचं असेल तर ते त्या ओळीच्या खाली. ही @ ची ओळ बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) किंवा कोड-ब्लॉकमध्ये लिहिली तर ती आयात मानली जात नाही. फाइल रिकामी वाटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

सिमलिंकनेही (एका फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यानेही) काम होतं, पण टीममध्ये विंडोज असेल तर जपून. तिथे गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलला) सिमलिंक करण्याची परवानगी नसली तर लिंकच्या जागी एक साधी मजकूर-फाइल येते, तिच्यात फक्त दुसऱ्या फाइलीचा पत्ता असतो. टूलला तेवढाच पत्ता वाचायला मिळतो. अशा टीमला @ ची ओळच बरी.

पहिली फाइल कशी तयार करायची?

क्लॉड कोडमध्ये /इनिट दिलं की ते रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा पूर्ण संग्रह) चाळून मसुदा देतं. तो मसुदा तसाच कमिट करू नका, म्हणजे गिटमध्ये नोंदवू नका. त्यात बराचसा भाग कोड वाचून कुणालाही कळेल असा असतो: कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, कुठलं फ्रेमवर्क वापरलं आहे. सहाय्यकाला ते हवं तेव्हा स्वतः पाहता येतं. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही काढली तर सहाय्यक कुठली चूक करेल? उत्तर सुचलं नाही तर ओळ काढा. अशा छाटणीनंतर अर्धीअधिक फाइल गेली तर घाबरू नका, ते बरोबरच आहे.

मग फाइलीत नेमकं काय लिहावं?

कोडमध्ये दिसत नाही पण टीममधल्या प्रत्येकाला माहीत असतं, ते. कळंगुटच्या एखाद्या गेस्ट हाउसचं खोली-बुकिंग करणारा प्रोजेक्ट घेऊ:

> सर्व्हर जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस.
> टेस्ट: बदल केलेल्या अ‍ॅपच्याच टेस्ट चालव. सगळ्या टेस्टना ११ मिनिटं लागतात. त्या पुल रिक्वेस्टच्या आधी एकदाच.
> तारखा: चेक-इन आणि चेक-आउट या नुसत्या तारखा आहेत, त्यांना वेळ नाही. चेक-आउटच्या दिवसाची रात्र मोजू नको. २४ ते २७ डिसेंबर म्हणजे तीन रात्री.
> "आज" ही तारीख नेहमी भारतीय वेळेनुसार काढ. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे.
> पैसे डेसिमलमध्ये. फ्लोट कुठेही नको.
> कराची टक्केवारी कोडमध्ये लिहू नको. कर-दर टेबलमधून तारखेनुसार घे.
> मायग्रेशन: कमिट झालेली फाइल बदलू नको, नवी तयार कर.
> जुन्या पेमेंटचा फोल्डर वापरात आहे. दोन ग्राहक अजून जुन्या गेटवेवर आहेत, म्हणून तो काढू नको.

यात पुल रिक्वेस्ट म्हणजे केलेला बदल तपासून मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल. डेसिमल रक्कम अचूक साठवतो, फ्लोट अंदाजे. यातली प्रत्येक ओळ एक ठरावीक चूक अडवते. वेळेची ओळ नसेल तर सहाय्यक बहुधा सर्व्हरची तारीख "आज" धरेल. उशिराच्या विमानाने दाबोळीला किंवा मोपाला उतरलेला पाहुणा रात्री पावणेदोनला खोली घेतो, तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असतात. बुकिंग कालच्या रात्रीवर पडतं आणि खोली रिकामी असून भरलेली दिसते. दिवसा चालवलेल्या टेस्टमध्ये ही चूक सापडत नाही, म्हणून ती ओळ लिहून ठेवायची.

शेवटच्या ओळीत कारण दिलं आहे, तेही पाहा. नुसतं "काढू नको" म्हटलं तर सहाय्यक तो फोल्डर ठेवतो, पण त्याला लागणारं फंक्शन दुसरीकडून "न वापरलेलं" म्हणून उडवू शकतो. कारण कळलं की न सांगितलेल्या जागीही तो जपून वागतो. एका ओळीचं कारण दहा नियमांचं काम करतं.

काय लिहू नये?

पासवर्ड, एपीआय की, ग्राहकाचे फोन नंबर यांतलं काहीही नको. ही फाइल कमिट होते, आणि तिचा मजकूर दर सेशनला मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

फॉर्मॅटर (कोडची मांडणी नीट करणारं टूल) आणि लिंटर (चुका दाखवणारं टूल) जे करतात तेही नको. इंडेंट दोनचं की चारचं, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, हे सांगण्यात दहा ओळी घालवण्यापेक्षा "काम संपल्यावर फॉर्मॅटर चालव" ही एक ओळ पुरते.

"चांगला, स्वच्छ कोड लिही" यासारख्या ओळींनी काहीच बदलत नाही. "फंक्शन ४० ओळींपेक्षा मोठं झालं तर फोड" ही सूचना तपासता येते, म्हणून पाळलीही जाते.

आणि बदलणारे आकडे नकोत. हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी हे याचं अगदी घरचं उदाहरण. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. "खोलीवर १२ टक्के कर" अशी ओळ फाइलीत राहून गेली असेल तर सहाय्यक आजही नव्या इनव्हॉइसच्या टेस्टमध्ये १२ लिहील, आणि कोडमध्ये ५ दिसला तर तो "दुरुस्त" करायला जाईल. आकडा कुठे मिळतो ते लिहा, आकडा लिहू नका.

फाइल किती लांब असावी?

क्लॉड कोडच्या मार्गदर्शनात एका फाइलीसाठी २०० ओळींच्या आत राहण्याचा सल्ला आहे. लहान प्रोजेक्टला ४० ते ८० ओळी भरपूर झाल्या. मोठ्या फाइलीचा तोटा नुसता टोकनचा (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा) नाही. सूचना वाढल्या की प्रत्येकीचं वजन कमी होतं, आणि नेमकी महत्त्वाची तीच गर्दीत हरवते.

कोडेक्समध्ये बाइटची मर्यादा आहे: सगळ्या एजंट्स.एमडी मिळून मूळ सेटिंगनुसार ३२,७६८ बाइट. त्यापुढचं वाचलं जात नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे हिशेब करावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एक. "मडगाव" या शब्दात काना धरून पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द इंग्रजी स्पेलिंगने सहा बाइटांत बसतो. निव्वळ देवनागरी फाइल साधारण १०,९०० चिन्हांना मर्यादा गाठते.

सूचना मराठीत लिहिल्या तर चालतात का?

चालतात, आणि काही ठिकाणी मराठीतच लिहाव्यात. कमांड, फाइलींची नावं, फंक्शनची नावं रोमनमध्ये जशीच्या तशी. धंद्याचे नियम मात्र टीम ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत. नियम बरोबर आहे की नाही हे शेवटी गेस्ट हाउसचा मालक किंवा पंचायतीतला कारकून सांगणार. त्याला दाखवता येईल असं लिहिलेलं चांगलं.

स्क्रीनवरचा मजकूर मराठीत असेल तर शब्दांची छोटी यादी द्याच. ती नसली तर सहाय्यक हिंदीकडे ओढला जातो: "मडगाव" वर अनुस्वार चढतो, "रद्द करा" चं "रद्द करें" होतं, "ळ" चा "ल" होतो. गोव्यात अडचण दुहेरी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते, त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही भाषांच्या फाइली शेजारी शेजारी असतात. लिपी एकच असल्याने सहाय्यक त्यांची सरमिसळ करतो. फाइलीत स्पष्ट लिहा: मराठीचा भाषा-कोड कुठला, कोंकणीचा कुठला, कुठल्या फोल्डरमध्ये कुठली भाषा, आणि "कोंकणीची ओळ नसेल तर मराठीची नक्कल करू नको, रिकामी सोड आणि कळव". या शेवटच्या सूचनेने बरेच घोळ वाचतात. भाषा न येणाऱ्याला नक्कल केलेली ओळ पूर्ण भाषांतरासारखीच दिसते, आणि रिकामी ओळ लगेच दिसते.

सहाय्यक गोव्याचे तपशील चुकवतो. ते कसे बांधून द्यायचे?

मराठी म्हटलं की मॉडेल महाराष्ट्र धरून चालतं, हे मूळ दुखणं. जमिनीच्या कागदपत्रांचं काम दिलं तर ते "सातबारा" नावाचं टेबल करून मोकळं होतं. गोव्यात तो उतारा फॉर्म १ आणि १४ म्हणून ओळखला जातो, बोलण्यात "एक-चौदा". हे दोन कागद एकाच कामाचे असले तरी रकाने सारखे नाहीत, त्यामुळे नुसतं नाव बदलून भागत नाही. रकान्यांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवा आणि सूचना-फाइलीत तिचा पत्ता द्या.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे गोव्यासाठी ३०, महाराष्ट्रासाठी २७. पिनकोड ४०३ ने सुरू होतो. तालुके १२, धारबांदोडा बऱ्याच जुन्या याद्यांत नसतो, आणि सहाय्यक नमुना डेटा बनवताना त्याच जुन्या यादीवर जातो. सुट्ट्यांमध्ये १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि ३ डिसेंबरचं गोंयच्या सायबाचं फेस्त हमखास राहतं.

नावांचा प्रश्न सगळ्यांत जास्त तक्रारी आणतो. नाव तपासताना सहाय्यक सवयीने "फक्त अक्षरं आणि मोकळी जागा" असा नियम लिहितो. मग रोमनमध्ये डिसोझा लिहिताना येणारं अपॉस्ट्रॉफी अडतं आणि माणसाला स्वतःचंच आडनाव भरता येत नाही. त्यातही सरळ चिन्ह चालतं पण फोनचा कीबोर्ड टाकतो ते वळणदार चिन्ह चालत नाही, असा अर्धवट नियम आणखी वाईट: ऑफिसच्या संगणकावर सगळं ठीक, ग्राहकाच्या फोनवर चूक. फाइलीत लिहायची ओळ अशी: "नावात सरळ आणि वळणदार दोन्ही अपॉस्ट्रॉफी, हायफन आणि बिंदू चालतात. आडनाव सक्तीचं नाही. नावाला लांबीशिवाय दुसरी अट लावू नको." सोबत अशा चार नावांची टेस्ट ठेवा. टेस्ट असली की सूचना नजरेतून सुटली तरी चूक पकडली जाते.

सूचना लिहिली आहे, तरी पाळत नाही. का?

आधी फाइल वाचली गेली का ते पाहा. क्लॉड कोडमध्ये /मेमरी दिल्यावर दाखल झालेल्या फाइली दिसतात. जेमिनाय सीएलआयमध्ये /मेमरी शो. फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये असणं, नावातली लहान-मोठी अक्षरं चुकणं, किंवा चालू सेशनमध्ये फाइल बदलून लगेच परिणामाची वाट पाहणं, ही तीन कारणं सर्वांत जास्त आढळतात. बदल केल्यावर नवं सेशन सुरू करा.

फाइल वाचली जात असेल तर विरोध शोधा. तुमच्या होम फोल्डरातल्या फाइलीत "कॉमेंट लिहू नको" आणि प्रोजेक्टच्या फाइलीत "प्रत्येक सार्वजनिक फंक्शनला कॉमेंट हवी" असं असलं, तर सहाय्यक कधी एक ऐकतो कधी दुसरं. विरोध कोडशीही असू शकतो. फाइल म्हणते डेसिमल वापर, आणि आजूबाजूच्या वीस फाइलींत फ्लोट आहे. मग समोर दिसणाऱ्या नमुन्याचं वजन जास्त पडतं. तिथे "जुन्या कोडमध्ये फ्लोट दिसेल, त्याची नक्कल करू नको" असं उघड सांगावं लागतं.

तिसरं कारण लांबलेलं संभाषण. तीन तास एकाच सेशनमध्ये पाच वेगळी कामं केली की सुरुवातीच्या सूचना शेकडो ओळींच्या आउटपुटखाली गाडल्या जातात. एक काम, एक सेशन. आणि तोंडी सांगितलेली गोष्ट संभाषण आटोपशीर करताना गळू शकते. ती टिकायला हवी असेल तर फाइलीत उतरवा.

सगळ्या ओळींना "अत्यंत महत्त्वाचं" लावल्याने काहीच साधत नाही. ते दोनच ओळींसाठी राखून ठेवा.

"प्रॉडक्शन डेटाबेसला (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसला) हात लावू नको" असं लिहिलं की पुरे ना?

अजिबात नाही. जे एकदाही घडता कामा नये ते सूचना-फाइलीवर सोडू नये. प्रॉडक्शनचा पासवर्ड त्या मशीनवर असूच नये, हा पहिला आणि खरा बंदोबस्त. त्यानंतर टूलच्या परवानग्या: क्लॉड कोडच्या सेटिंग फाइलीत नकाराच्या यादीत .ईएनव्ही फाइल (जिच्यात पासवर्ड आणि की असतात) वाचणं आणि धोकादायक कमांड टाका. त्याच्याही पुढे हुक. टूल वापरण्याआधी चालणारा हुक म्हणजे तुमची छोटी स्क्रिप्ट. ती एक्झिट कोड (संपताना परत दिला जाणारा आकडा) २ देऊन संपली तर ती कृती अडते आणि स्क्रिप्टने एररमध्ये लिहिलेलं कारण सहाय्यकाला कळतं. कोड १ दिला तर कृती अडत नाही. हुक लिहूनही कमांड चालली, अशी तक्रार आली की आधी हा आकडा तपासा.

मेन ब्रांचवर थेट पुश अडवण्याचं काम गिट होस्टच्या ब्रांच संरक्षणाचं आहे. तिथे एक खूण केली की सहाय्यक, माणूस, सगळ्यांना नियम एकच.

माझ्या वैयक्तिक आवडी कुठे लिहायच्या?

"उत्तर मराठीत दे", "आधी योजना सांग" यासारख्या गोष्टी होम फोल्डरच्या फाइलीत, टीमच्या फाइलीत नव्हे. एकाच प्रोजेक्टपुरतं पण फक्त तुमचं असेल, जसं स्थानिक डेटाबेसचा पोर्ट, तर क्लॉड.लोकल.एमडी करून ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. गिटचे वर्कट्री (एकाच रेपोचे कामासाठीचे वेगवेगळे फोल्डर) वापरत असाल तर अशी फाइल एकाच वर्कट्रीत राहते. त्यापेक्षा मजकूर होम फोल्डरमध्ये ठेवून @ ने आणा.

एका रेपोत वेब, मोबाइल आणि सर्व्हर तिन्ही आहेत. एकच फाइल?

मुळाशी छोटी सामायिक फाइल, आणि प्रत्येक भागाच्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची. क्लॉड कोड उपफोल्डरमधली फाइल तिथलं काही वाचायला गेल्यावरच दाखल करतं, म्हणून मोबाइलचे नियम सर्व्हरच्या कामात जागा अडवत नाहीत. कोडेक्स मुळापासून चालू फोल्डरपर्यंतच्या फाइली ओळीने जोडतं. नंतर आलेली, म्हणजे कामाच्या जवळची, वरचढ ठरते. कोडेक्स वेबच्या फोल्डरमध्ये सुरू केलं तर सर्व्हरच्या फोल्डरमधली फाइल त्याला सुरुवातीला मिळणार नाही, हे ध्यानात ठेवा.

फोल्डरपेक्षा फाइलीच्या प्रकारावर नियम लावायचे असतील (सगळ्या मायग्रेशन, सगळ्या टेस्ट) तर क्लॉड कोडच्या रूल्स फोल्डरमध्ये, कर्सरच्या एमडीसी फाइलींत आणि कोपायलटच्या इन्स्ट्रक्शन्स फोल्डरमध्ये वरच्या भागात पाथचा नमुना देता येतो. नमुना चुकला तर टूल तक्रार करत नाही, नियम गुपचूप लागू होत नाही. म्हणून नमुना लिहिल्यावर त्या प्रकारची एक फाइल उघडून खात्री करा.

या फाइलीत बदल कोणी करायचा?

कुणीही सुचवावा, पण पुल रिक्वेस्टमधूनच. एक शिस्त फार उपयोगी पडते: सहाय्यकाला तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा सांगावी लागली तर ती फाइलीत जाते. पहिल्यांदा नाही. प्रत्येक चुकीला एक ओळ वाढवत गेलात तर पावसाळ्यातल्या गवतासारखी फाइल माजते.

काढण्याचीही वेळ ठरवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा, किंवा फ्रेमवर्कची मोठी आवृत्ती बदलली की लगेच, पूर्ण फाइल मोठ्याने वाचा. त्यातली प्रत्येक कमांड टर्मिनलमध्ये खरोखर चालवून पाहा. ज्या ओळीचं कारण टीममध्ये कुणालाच आठवत नाही ती गिट ब्लेमने (ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडने) शोधा. तरी कारण सापडलं नाही तर काढा.

दुसऱ्याच्या रेपोतली सूचना-फाइल तशीच घेतली तर?

वाचल्याशिवाय नको, आणि नुसत्या डोळ्यांनी वाचून भागत नाही. मार्च २०२५ मध्ये पिलर सिक्युरिटी या संस्थेने दाखवून दिलं की नियमांच्या फाइलीत न दिसणारी युनिकोड चिन्हं वापरून आदेश लपवता येतात. माणसाला डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत) काहीच दिसत नाही, मॉडेल मात्र ते वाचतं आणि कोडमध्ये घातक भाग घालू शकतं. त्यांचं प्रात्यक्षिक कर्सर आणि कोपायलटवर होतं.

उपाय म्हणून सीआयमध्ये (दर बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) सूचना-फाइलींसाठी अदृश्य चिन्हांची तपासणी लावा: शून्य रुंदीची जागा (यू+२००बी), दिशा बदलणारी चिन्हं (यू+२०२ए ते यू+२०२ई, यू+२०६६ ते यू+२०६९) आणि टॅग चिन्हांचा गट (यू+ई०००० ते यू+ई००७एफ).

इथे मराठीची एक खास अडचण येते, आणि इंग्रजी जगातल्या तयार स्क्रिप्टना ती माहीत नसते. त्या यू+२००डी हे जोडक चिन्हसुद्धा संशयास्पद धरतात, काही तर ते थेट पुसतात. पण "दऱ्या" मधला तो वळणदार अर्धा र अनेक कीबोर्ड र, हलन्त आणि हेच जोडक चिन्ह मिळून काढतात. ते पुसलं की "दऱ्या" चं "दर्या" होतं. डोंगरातल्या दरीच्या जागी समुद्र येतो, आणि मजकूर शुद्धच दिसत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. "आचाऱ्याला" आणि "आचार्याला" यांचंही तेच. सूचना-फाइलीत आणि मराठी मजकुराच्या फाइलींत हा र टिंबवाल्या ऱ (यू+०९३१) आणि हलन्ताने लिहिण्याचा नियम करा. मग जोडक चिन्हाची गरज उरत नाही आणि तपासणी कडक ठेवता येते. तोवर तपासणीने असं चिन्ह दाखवावं, पुसू नये.

याचाच दुसरा परिणाम शोधावर होतो. "दुसऱ्या" दोन पद्धतींनी लिहिलेला असला तर दिसायला एकच, पण तुलना केल्यावर वेगळा. मराठी नावांवर शोध असलेल्या प्रोजेक्टमध्ये "तुलनेआधी दोन्ही रूपं एक कर" ही ओळ सूचना-फाइलीत हवी.

काम ग्राहकाला सुपूर्त करताना ही फाइल द्यायची का?

द्यायची. पुढे जो कुणी तो कोड सांभाळेल त्याला तिची गरज तुमच्याइतकीच आहे. देण्याआधी दुसऱ्या ग्राहकांची नावं आणि तुमच्या अंतर्गत सर्व्हरचे पत्ते तिच्यात नाहीत ना ते बघा. नुसत्या शेवटच्या आवृत्तीत नव्हे, गिटच्या इतिहासातही.

कर्सरच्या नियमांची जुनी .कर्सररूल्स फाइल अजून पडून आहे. काय करावं?

कामाच्या ओळी एजंट्स.एमडीमध्ये हलवा आणि ती काढून टाका.

केलेला बदल खरंच उपयोगी पडला हे कसं ओळखायचं?

एकदाच पाहून ठरवू नका. तोच प्रश्न दोनदा विचारला तरी मॉडेल वेगळं उत्तर देऊ शकतं. सहाय्यक जिथे चुकतो असं एक छोटं, ठरावीक काम निवडा: "२४ ते २७ डिसेंबरच्या बुकिंगचं बिल काढणारं फंक्शन लिही". जुन्या फाइलीवर तीन नवी सेशन, नव्या फाइलीवर तीन, प्रत्येक वेळी स्वच्छ ब्रांचवरून. सहाही निकालांवर तीच टेस्ट चालवा. तीनपैकी तीन वेळा सुधारणा दिसली तर ओळ ठेवा. दोन्हीकडे निकाल सारखाच आला तर त्या ओळीची गरज नाही. मॉडेलची नवी आवृत्ती आल्यावर ही चाचणी उलट्या बाजूने करा: एकेक ओळ काढून पाहा. जुन्या मॉडेलच्या खोडीसाठी लिहिलेल्या बऱ्याच ओळी तेव्हा निघून जातात, आणि तारखांची, पैशांची, नावांची ओळ मात्र बहुधा राहते.